उणे वीसची स्लीपिंग बॅग

शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५
निर्णय पक्का. नोव्हेंबरात कॅनडाला हरणाच्या शिकारीला जाणार.

काल बायकोच्या, कॅरोलिनच्या फोनवर व्हिडिओ कॉल चालू होता. मी पाणी प्यायला मागून गेलो तर डगने मला हाक मारली. डग म्हणजे आमच्या मुलीचा, ग्लेनिसचा सासरा. अल्बर्टात शेती, तीन बंदुका, लाल नाक. म्हणाला, मॅथ्यू, आधी तब्येत कमव, मग ये इकडे, बर्फात तंबू ठोकू, हरण मारू. तीस वर्षांत बहारीनमध्ये मला कोणी असं बोलावलं नाही. इथे लोक बोलावतात ते बंद पडलेली गाडी ढकलायला.

ग्लेनिस त्याच्या शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, मीही नाही. आमचं भांडण वगैरे नाही. फक्त दोन वर्षं बोलणं नाही, एवढंच. तिचं बाळंतपण नोव्हेंबरअखेर आहे म्हणे. शिकारीचा सीझन नेमका तेव्हाच असतो, त्याला मी काय करणार.

डगचा नंबर घेतला. लगेच सेव्ह केला.

रविवार, ३ ऑगस्ट
व्यायाम सुरू. कंपनीची बस आमच्या बिल्डिंगखालीच थांबते, पण आज मुद्दाम मागच्या गल्लीने वळसा घालून गेलो. बस चुकली. सित्र्याच्या कंपनीपर्यंत टॅक्सी. उद्यापासून व्यायाम संध्याकाळी.

मंगळवार, ५ ऑगस्ट
शिकारीत बंदूक दुय्यम. मुख्य गोष्ट झोप. थंडीत रात्रभर कुडकुडलेला माणूस सकाळी हरीण काय, म्हैससुद्धा मारू शकत नाही. म्हणून आधी स्लीपिंग बॅग.

अभ्यास केला. प्रत्येक बॅगेवर तीन तापमानं असतात. कम्फर्ट म्हणजे बाईमाणूस सुखाने झोपेल ते. लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून कसाबसा झोपेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे झोप नाही, फक्त मरणार नाही. गल्फमधली तीस वर्षं मी एक्स्ट्रीमवर काढली आहेत, पण डगसमोर तसं नको. कम्फर्टच बघणार.

आत भरायला डाऊन. म्हणजे हंस-बदकांच्या छातीवरची मऊ लव. जितकी फुगेल तितकी ऊब. ओली झाली की खलास. मी ओली होऊ देणार नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
चर्चमधली मिस्सा झाल्यावर मुहर्रकला गेलो. तिथे एक कॅम्पिंगचं दुकान आहे. इथले लोक हिवाळ्यात वाळवंटात तंबू लावून चहा पीत बसतात, त्यांच्यासाठी. दुकानदाराने फुलाफुलांची गोधडी काढून दाखवली. मी म्हटलं, उणे वीस पाहिजे. तो म्हणाला, उणे मफी, म्हणजे नाहीच. मग वर मला पंखा दाखवला. गाढवाला गुळाची चव काय.

घरी कॅरोलिन म्हणाली, एकदा ग्लेनिसला विचारा ना, ती तिकडे राहते, तिला थंडी माहीत. मी म्हटलं, ती बँकेत बसते, तिला रानातलं काय कळणार. आणि मला तिला सरप्राइज द्यायचं आहे. कॅरोलिन सलमानिया हॉस्पिटलात नर्स आहे, तिला दिवसभर पेशंटना ऐकवायची सवय. पण आज गप्प बसली. पटलं असावं.

गुरुवार, १४ ऑगस्ट
डग रोज मेसेज करतो. फार काळजी करणारा माणूस. परवा विचारलं, जिने चढताना दम लागतो का. काल विचारलं, मीठ कमी केलंस का. आज लिहिलं, घाई करू नकोस, हळूहळू. शिकारी माणूस आहे, जोडीदार पारखून घेणारच. मी उत्तर दिलं, दोन मजले एका दमात. (आमच्याकडे लिफ्ट आहे. पण चढलो असतो.)

मुलीच्या सासऱ्याने विचारावं आणि मुलीने विचारू नये. असो.

मंगळवार, १९ ऑगस्ट
बॅग ठरली. लव हंसाची, वजनाला हलकी, कम्फर्ट उणे बारा, लिमिट उणे वीस. डोक्याकडे टोपी, पायाकडे निमुळती. चेन डावीकडे की उजवीकडे यावर दोन दिवस गेले. उजव्या हाताच्या माणसाने डावी घ्यावी म्हणतात. मी उजवी घेतली. लोकांचं ऐकून कोणाचं भलं झालंय.

सगळीकडे लिहिलंय की खाली वेगळी मॅट हवीच, कारण अंगाखाली दबलेली पिसं ऊब देत नाहीत. हे मॅट विकायचे धंदे. मॅट घेणार नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर
बॅग आली. गुंडाळून ठेवली तर लव चेपते, म्हणून पडद्याच्या दांडीला उभी टांगली. कॅरोलिन नाइट ड्यूटीवरून आली आणि किंचाळली. एवढी वर्षं वॉर्डात काढून ही बाई टांगलेल्या बॅगेला घाबरते.

दुपारी चाचणी. एसी सोळावर, मी बॅगेत, टोपीची दोरी ओढून फक्त नाक बाहेर. थोड्याच वेळात घामाने निथळलो. बॅग उत्तम आहे. आमचा एसी निकामी आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर
खऱ्या थंडीत चाचणी करायची तर बहारीनमध्ये जागा एकच. आमचं कोल्ड स्टोअर. चार नंबरची खोली, उणे अठरा. गेली बावीस वर्षं मी तिचा सुपरवायझर. माझं एवढं वजन आहे तिथे.

फोर्कलिफ्टवाल्या शाहिदला विश्वासात घेतलं. तो राजापूरचा, तोंडाने फटकळ. म्हणाला, मॅथ्यूभाय, बदक आमी खातो, तुमी त्यात शिरून झोपता. मी म्हटलं, हंस आहे. मग विचारतो कसा, पोरीच्या लग्नाला गेला असता तर थंडी तेव्हाच कळली असती ना.

मी सांगितलं, लीव्ह मिळाली नाही. लीव्हचा अर्ज मी दिला नव्हता, हे त्याला सांगायची गरज नाही. दिला असता आणि नाकारला असता तर? उगाच अपमान. आणि लग्न कुठे, तर त्यांच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये. फोटो पाहिलेत मी. भाड्याच्या हॉलसारखं. ना मरियामातेची मूर्ती, ना धड वेदी. कॅरोलिन एकटी गेली होती. मी आलो नाही म्हणून काही अडलं नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर
सलमानिया. इमर्जन्सी वॉर्ड. सविस्तर उद्या.

बुधवार, १७ सप्टेंबर
लंच ब्रेकमध्ये आत गेलो. ब्राझीलच्या कोंबड्यांच्या खोक्यांशेजारी रिकामं पॅलेट होतं, त्यावर बॅग पसरून आत शिरलो. शाहिदला सांगितलं होतं, अर्ध्या तासाने दार उघड. छातीकडे, पोटाकडे अशी ऊब की ग्लेनिस लहानपणी माझ्या कुशीत झोपायची त्याची आठवण झाली. पाठीकडे मात्र थोड्याच वेळात बर्फाची लादी. मॅटचं जे लिहिलंय त्यात थोडंफार तथ्य असावं.

बाहेर निघायला गेलो तर चेनमध्ये आतलं कापड अडकलं. हात आत, चेन बाहेर. हाक मारली तर ऐकायला कोंबड्या. शाहिदला ऐन वेळी ट्रक उतरवायला बोलावलं होतं म्हणे. तेवढ्यात दार उघडलं आणि आमचा मॅनेजर गौरव आत आला. वय चौतीस, टाय आणि अक्कल दोन्ही आखूड. बरोबर अन्नतपासणीचा इन्स्पेक्टर. त्यांना काय दिसलं, तर पॅलेटवर गुंडाळलेला माणूस, नाकावर बर्फ. गौरव भिंतीला टेकला. इन्स्पेक्टरने विचारलं, हा माल कुठल्या देशाचा.

मी आतून गुड आफ्टरनून म्हटलं. त्याने आणखी घोळ झाला. अँब्युलन्स आली. बॅगेसकट उचलून सलमानियाला नेलं. कॅरोलिनच्याच ओळखीच्या नर्सने चेन कापली. सगळ्या वॉर्डाने पाहिलं. कॅरोलिन आली, कपाळाला हात लावला माझ्या, आणि माझे बूट उचलले.

पण एक गोष्ट झकास झाली. इसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत, पोरांना लाजवेल असं. गौरवने वॉर्निंग लेटर दिलंय, ते गेलं खड्ड्यात. इसीजीचा फोटो काढून डगला पाठवला. खाली लिहिलं, हार्ट फर्स्ट क्लास, रेडी फॉर हंटिंग.

गुरुवार, १८ सप्टेंबर
डगला एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. लिहितो, हा चमत्कार आहे, देवाची कृपा, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना फोटो दाखवला, माझी बायको रडली. एका इसीजीवर रडायचं काय कारण? पण असतात लोक हळवे.

लोखंड गरम आहे तोवर कामाचं बोललो. व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागतं. एजंट म्हणाला मुलीचं पत्र घ्या. मी डगकडे मागितलं. शिकारीचं निमंत्रण शिकाऱ्याचंच हवं. कॅरोलिनला हे सांगितलं तर ती म्हणाली, डगला इसीजी पाठवलात? आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नाइट ड्यूटीचा थकवा.

रविवार, २१ सप्टेंबर
डगचं उत्तर नाही. पत्र टाइप करत असेल. शेतकरी माणूस, वेळ लागणार.

बॅगेची चेन शिवून आणली.

मंगळवार, २३ सप्टेंबर
संध्याकाळी फोन वाजला. नाव नाही, नुसता नंबर, कॅनडाचा. डगचं घर असेल म्हणून उचलला. ग्लेनिस होती.

ती इंग्लिशमध्ये बोलत होती, मी मराठीत. डॅडी म्हणताना जरा अडखळली. म्हणाली, लग्नात सगळे विचारत होते, मुलीचे वडील कुठे आहेत. मी त्यांना सांगितलं, डॅडींची बायपास झाली आहे, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. त्या लोकांनी दोन वर्षं तुमच्यासाठी फुलं पाठवायचं विचारलं, औषधं विचारली, मी काहीतरी सांगत राहिले. आणि तुम्ही त्यांना इसीजी पाठवलात. आता डग विचारतोय, बायपास झालेल्या हृदयाचा इसीजी असा कसा. तो आता माझ्याकडे नीट बघत नाही.

मी विचारलं, मग खरं का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, खरं काय सांगणार होते? की तुम्हाला यायचं नव्हतं?

मी लीव्हचं सांगायला सुरुवात केली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ओके डॅडी. फोन ठेवला.

कॅरोलिनवर ओरडलो. तुला सगळं माहीत होतं, मग मला बॅग का घेऊ दिलीस, कोंबड्यांत झोपेपर्यंत गंमत बघत बसलीस. ती भाजी चिरत होती. म्हणाली, वाटलं बॅगेच्या निमित्ताने तरी तिला एक फोन कराल. जगाला विचारलंत, मुहर्रकच्या दुकानदाराला विचारलंत. तिला सोडून.

आज जेवलो नाही. भूक नव्हती असं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर
ग्लेनिसला फोन लावायचं ठरवलं. तिकडे रात्र असेल म्हणून नाही लावला. दुपारी मीटिंग होती. संध्याकाळी तिकडे सकाळ, ती कामाला निघाली असेल. उद्या नक्की.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
फोन केला नाही. पण जे करायला हवं होतं ते केलं. डगला लिहिलं की माफ कर, इसीजी वाचायला मीच चुकलो, मला त्यातलं काही कळत नाही. डॉक्टरांनी परत बोलावून सांगितलं की हृदय अजून कमजोर आहे. थंडी बंद, विमान बंद, शिकार तर नाहीच. ग्लेनिस सांगत होती ते बरोबर होतं, ती माझी काळजी घेते. हे शेवटचं वाक्य तीनदा खोडून लिहिलं.

तसाही थंडीचा मला त्रासच होतो.

बाळंतपणासाठी कॅरोलिनचं तिकीट झालं. एकटीचं. बॅग ती नेणार आहे. त्यांच्या बेसमेंटमधली खोली फार गार असते, लग्नाच्या वेळी तिथे झोप लागली नव्हती, म्हणाली. मी बॅग दांडीवरून काढून तिला घडी घालायला दिली आणि सांगितलं की खाली मॅट घे.

आत्ता डगचं उत्तर आलं. वाईट वाटलं म्हणतो, धीर सोडू नकोस म्हणतो. येत्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये सगळे उभे राहून माझ्या हृदयासाठी प्रार्थना करणार आहेत. ग्लेनिसही उभी राहणार आहे.

मी थँक यू लिहून पाठवलं.