मी इंग्रजी सुधारायला जिमला जातो

३ मार्च, सोमवार. सकाळ
हिच्या कंबरेसाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मी म्हटलं, गच्चीवर चाल. ही जिमला गेली! इस्त्रीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे ते. परत आली ती 'वॉर्म-अप', 'कूल-डाउन' करतच. शिकवणारा परप्रांतातला, त्याला आपली भाषा येत नाही, सगळं इंग्रजीत सांगतो म्हणे. वय विचारलं. म्हणाली, असेल तरुण. 'असेल' म्हणजे काय? माणूस तरुण असतो किंवा नसतो.
आमच्या घरात इंग्रजी खातं माझ्याकडे आहे. गॅरंटी कार्ड, औषधाची चिठ्ठी, कंपन्यांचे फोन, सगळं मी बघतो. हे खातं मी कुणाला देणार नाही.

५ मार्च, बुधवार
ठरलं. मीही जिम लावणार. कारण एकच, इंग्रजी. मी लिफ्ट कंपनीत तक्रारींचे फोन घेतो. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं घाबरली की इंग्रजीत ओरडतात. सराव हवा. जळण्याचा वगैरे काही संबंध नाही. इथे लिहून ठेवलं, विषय संपला.
हिला सांगितलं. 'बरं,' म्हणाली. नुसतं 'बरं'. आनंद झाला असता तर 'अरे वा' म्हणाली असती.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी, जिमहून आल्यावर (आडवा होऊन लिहितोय)
तो शिकवणारा पाहिला. हिरवा टी-शर्ट, तोही धाकट्या भावाचा असावा इतका घट्ट. याला मी पोपट म्हणणार. ही त्याला 'कोच' म्हणते.
पोपटाने विचारलं, 'डू यू लिफ्ट, सर?' हिने माझी नोकरी सांगून ठेवलेली दिसते. मी छाती काढून म्हटलं, 'येस. मेनी इयर्स. पॅसेंजर अँड गुड्स, बोथ.' तो आदराने बघत राहिला. मग त्याने लोखंडी दांड्याला दोन्हीकडून चाकं लावायला सुरुवात केली. मी म्हटलं, लावू दे, आपल्याला काय. मग कळलं की ते मला उचलायचंय.
ही बघत होती. पोपट बघत होता. माघार कशी घेणार?
दांडा गुडघ्यापर्यंत आला. नंतर दांडा खाली गेला, पण मी वाकलेलाच राहिलो. पोपट ओरडला, 'डोन्ट मूव्ह!' हलणार कोण होतं? जिना उतरताना एका बाजूने ही, दुसऱ्या बाजूने पोपट. इस्त्रीवाल्याने खुर्ची दिली, 'काका, पाणी हवं का?' विचारलं. ते 'काका' विशेष लागलं.

८ मार्च, शनिवार
हिची कंबर बरी. माझी गेली. ही एकटीच जिमला गेली. शेकायची पिशवी देऊन 'टेक रेस्ट' म्हणाली. पूर्वी 'पडून राहा' म्हणायची, तेच बरं वाटायचं.
सगळा पोपटाचा डाव आहे. पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. सोमवारपासून पुन्हा.

१२ मार्च, बुधवार
सोमवारी कंबर तयार नव्हती. मंगळवारी मी नव्हतो. आज गेलो.
जिममधली माणसं मात्र सभ्य आहेत. शेजारच्या सायकलवरच्या बाई कण्हत म्हणाल्या, 'आय ॲम सो सोअर.' काय चुकलं होतं त्यांचं कोण जाणे. मी म्हटलं, 'नो प्रॉब्लेम, मॅडम.' मग खुद्द पोपट खांदा चोळत आला. 'आय ॲम सोअर टुडे, सर.' शुक्रवारचं लागलं असणार मनाला. मी मोठ्या मनाने म्हटलं, 'फर्गेट इट.' उच्चार वाईट आहेत बिचाऱ्याचे. 'सॉरी' धड म्हणता येत नाही आणि लोकांना इंग्रजीतून शिकवतो.

१५ मार्च, शनिवार
लिहिताना पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. (डंबेलमुळे नाही.)
ही पोपटाला हसत म्हणाली, 'टुमॉरो इज माय चीट डे.' तो म्हणाला, 'एंजॉय!' माझ्यादेखत! घरी येऊन डिक्शनरी काढली. चीट म्हणजे फसवणे. दुसरा अर्थ शोधला. तोही फसवणेच. डे म्हणजे दिवस, ते मला येतं.
मी काहीही विचारणार नाही. मला स्वाभिमान आहे. उद्या फक्त मागोमाग जाणार.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ
ही दुपारी नवीन चपला घालून निघाली. मैत्रिणींना भेटायला, म्हणाली. मी टोपी घालून मागे. दोनदा तिने वळून पाहिलं, दोन्ही वेळा मी खांबाकडे बघत होतो.
ही बेकरीत शिरली. मी काचेला नाक लावलं. पोपट नव्हता. जिमच्या बायका होत्या, सायकलवाल्याही. प्रत्येकीच्या पुढ्यात क्रीम केकचा मोठा तुकडा. 'चीट डे!' म्हणत बश्या एकमेकींच्या बशीला लावल्या आणि खाल्लं. डाएटला फसवायचं, एवढीच ती फसवणूक.
मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी तिथेच उभा राहिलो. ही काहीतरी सांगत होती, हातवारे करून, आणि सगळ्या खो खो हसत होत्या. इतकं काय सांगत होती? मला कधी सांगितलं नाही. हसताना हिचा एक हात टेबलावर आपटतो, हे मी विसरलोच होतो.
बेकरीवाल्याने बाहेर येऊन विचारलं, काय हवंय. एक पाव घेऊन आलो. घरात पाव होता.

२० मार्च, गुरुवार
ही बाकावर आडवी, दांडा हातात. मला म्हणाली, 'स्पॉट मी.' परवाच पाठ केलाय शब्द. स्पॉट म्हणजे दिसणे. मी म्हटलं, 'येस. व्हेरी क्लिअर.' ती पुन्हा म्हणाली, 'अहो, स्पॉट मी!' मी आणखी नीट पाहिलं. दांडा खाली यायला लागला, तेव्हा पोपट खोलीच्या त्या टोकावरून झेपावला आणि दांडा धरला. स्पॉट म्हणजे मागे उभं राहून सांभाळणे म्हणे. मग तसं सांगायचं ना!
जिना उतरताना ही एवढंच म्हणाली, 'सरका.' तेही मराठीत.
नवरा मी. मागे उभा राहणार तो. हे बंद झालं पाहिजे. सोमवारी बोलणारच.

२४ मार्च, सोमवार
आरशासमोर वाक्य घोटून गेलो. पोपटासमोर पाय रोवून उभा राहिलो आणि स्पष्ट म्हटलं, 'कीप डिस्टन्स!' तो खूश झाला. 'करेक्ट, सर!' म्हणत खाली बसला आणि माझे दोन्ही पाय धरून एकमेकांपासून लांब केले. मग म्हणाला, 'नाऊ स्क्वॉट.'
केले. दुसरं काय करणार? निषेध म्हणून मोजले नाहीत.

२६ मार्च, बुधवार
वॉशिंग मशीन बंद आहे. कंपनीचा फोन आला. मी हात पुढे केला, कारण हे खातं माझं. हिने फोन दिलाच नाही. स्वतः बोलली. 'नो एक्स्क्यूज. यू कॅन डू इट. टुडे. फिनिश इट!' पोपट आमच्याकडून जोर काढून घेताना जे ओरडतो, तेच सगळं. व्याकरणाच्या चुका मी मनात काढत होतो. दुपारच्या आत मेकॅनिक दारात! मी लावलेल्या फोनवर तो कधी आठवडाभरात फिरकला नाही.
मेकॅनिक जाताना हिला 'थँक यू, मॅडम' म्हणाला. मला, 'काका, ते बटण उलटं फिरवत जाऊ नका.'
यंत्र धूत होतं. मी समोर बसून बघत होतो. हिने चहा दिला आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी
आज एक गोष्ट साधली. पूर्ण इंग्रजी संभाषण, मनात भाषांतर न करता, जसंच्या तसं कळलं.
मी खांबाआड घाम पुसत होतो. पलीकडे ही आणि पोपट. मी तिथे आहे हे दोघांना माहीत नव्हतं. ही हळू आवाजात म्हणाली, 'कोच, माय हसबंड इज जेलस. ही थिंक्स आय डोन्ट नो.' पोपट घाबरून म्हणाला, 'ऑफ मी, मॅडम? यू आर लाइक माय मदर!' ही म्हणाली, 'आय नो. बट ही इज गुड मॅन. प्लीज टेल हिम ही इज व्हेरी स्ट्राँग.'
एकही शब्द अडला नाही. एखादा तरी अडायला हवा होता.
मी दुसरीकडून वळसा घालून खुर्चीत जाऊन बसलो. लगेच पोपट आला, माझ्या दंडाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, 'सर! यू आर व्हेरी स्ट्राँग!' ही लांबून बघत होती. मी 'थँक यू' म्हटलं. उच्चार चांगला आला.
तेव्हा माझ्या हातात पाण्याची बाटली होती. अर्धी.