गवत धाकटीला, मेंढ्या थोरल्याला

मी, या घराची आणि त्यामागच्या कुरणाची मालकीण, हे मृत्युपत्र वकिलांकडून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा तो यजमानांच्या हयातीतही कधी चालला नाही.

१. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी दोघांचे. बँकेतील ठेव निम्मी-निम्मी. तीत भांडण्यासारखे काही उरू नये, याची काळजी मी वेळोवेळी घेतली आहे.

२. लोकर कातरायची कात्री सूनबाईला. तिचा हात हलका आहे. थोरल्याने कातरलेली मेंढी आठवडाभर तोंड लपवत फिरते.

३. माझी शिडी शेजारच्या सुतारांना. नाहीतरी ती त्यांच्याकडेच आहे. (येथे वकील म्हणाले, "काकू, हे तर साक्षीदार. साक्षीदाराला काही देता येत नाही." तर हे कलम रद्द. सुतार, शिडी परत आणा.)

४. आता कुरण. यजमान गेल्यावर कारभार थोरल्याने घेतला. कोकरे लवकर वजनात यावीत म्हणून त्यांचे दूध लवकर तोडले, आयांपासून वेगळी केली आणि गव्हाणीत पेंड भरभरून ओतली. कोकरे गुटगुटीत झाली, हे कबूल. पण भरल्या पोटाची कोकरे कुरणात नुसती नखरे करत हिंडू लागली. कोवळे शेंडे खुडायचे, बाकी तसेच टाकायचे. आपल्या उष्ण हवेत गवत कोणासाठी थांबत नाही. वेळेवर खाल्ले नाही की दांडे धरते. गव्हाणीभोवती चिखल आणि बाकी सगळीकडे कमरेइतके दांडे, अशी अवस्था झाली.

धाकटीने ते पाहिले. "तुला कुरण नकोच, कोंडवाडा हवाय," असे भावाला सुनावून तिने फाटकाला कुलूप घातले. मग तिथे कोणीच चरेना आणि उरलेसुरले गवतही राठ झाले. एकाने चारण्यात कुरणाची वाट लावली, एकीने राखण्यात. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच टेबलाशी जेवतात आणि मीठ माझ्यामार्फत मागतात. मला याचे फार वाईट वाटते. मी गेल्यावर यांना मीठ कोण देणार?

५. म्हणून कुरण आणि फाटकाची किल्ली धाकटीला. मेंढ्या, कोकरे आणि गव्हाण थोरल्याला. कोकरे आयांबरोबरच चरतील. मेंढी फार चोखंदळ नसते, आणि तिच्या शेजारी पिल्लूही खाली तोंड घालायला शिकते. पेंड बंद नाही, पण संध्याकाळी आणि ओंजळभरच. माझे गमबूट फाटकाशी राहतील. गवत बुटाच्या काठाला लागले की मेंढ्या आत, घोट्याशी आले की बाहेर.

६. सहीपूर्वी हे सर्व दोघांना वाचून दाखवले. थोरला माझ्याकडे पाहून म्हणाला, "आई, हिला विचार, फाटक कधी उघडणार?"

मी म्हटले, "मला कमी ऐकू येतं. तूच विचार."

साक्षीला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी चहा संपवला, सुतारांनी छत न्याहाळले. शेवटी त्याने विचारले.

"उद्या सकाळी," धाकटी म्हणाली. "पण आयांना घेऊन ये."

"आणि ते दांडे?"

"आधी कापावे लागतील. विळे दोन आहेत."

सबब कलम ५ माझ्या मृत्यूनंतर नव्हे, उद्या सकाळपासून लागू होईल. वकील म्हणतात, मृत्युपत्रात असे चालत नाही. त्यांनी सकाळी फाटकाशी येऊन सांगावे.

सही: दोघांची आई
साक्षीदार: १. जनावरांचे डॉक्टर
२. शेजारचे सुतार (शिडी उद्या आणतो)
स्थळ: स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: २३ जून

ता. क. आज जेवताना थोरल्याने मीठ धाकटीकडे मागितले. मी नुसती जेवले.