दमल्याचं सोंग

४ एप्रिल, सकाळ
नवी वही. संकल्प: जे जे संशयास्पद दिसेल ते तारीखवार टिपायचं. लक्षात राहत नाही म्हणून नव्हे. लक्षात सगळं राहतं. पण कागद बरा.

मामला असा. आमच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यात घडी करून घालतात ती माहितीपत्रकं छापली जातात. वाचनखोलीत आम्ही दोघं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, आकडा न् आकडा, बिंदू न् बिंदू. दुसऱ्याने समोरच्या प्रुफावर खुणा करायच्या. एक पान वाचकबाईंचं, एक माझं. एकोणीस वर्षं एकच टेबल. कागद कांद्याच्या सालीसारखा, त्यामुळे खिडक्या बंद. एकोणीस वर्षं.

फेब्रुवारीत तापाची साथ आली. मी तीन दिवस पडलो, चौथ्या दिवशी टेबलावर हजर. खोकत का होईना, दिवसभर वाचलं. याला म्हणतात इच्छाशक्ती. त्यानंतर पाचव्या दिवशी वाचकबाईंना ताप. माझंच बघून. मी तीन दिवसांत उठलो, त्या सहा आठवड्यांनी उगवल्या, त्याही दाखला घेऊन: अर्धाच दिवस काम, दर तासाला दहा मिनिटं आडवं होणं, आणि खिडक्या उघड्या.

मॅनेजर म्हणाला की महिनाभर बघू. सवलत पुढे चालू ठेवायची की जागेवर दुसरं माणूस घ्यायचं, ते माझ्या लेखी शेऱ्यावर ठरेल. मुदत तीस तारीख. "काका, रोज तुम्हीच समोर बसता, तुम्हीच सांगा." (मला काका म्हणतो. वयात फरक अकरा वर्षांचा. हेही नोंदवून ठेवतो.)

७ एप्रिल
पाळत सुरू. बाई अकराला कोचावर आडव्या झाल्या. डोळे मिटलेले. खरंच दमलेला माणूस ते इतके व्यवस्थित मिटत नाही. हालचाल टिपण्यासाठी मीही डोळे किलकिले केले. जाग आली तेव्हा बाई टेबलाशी, माझंच प्रूफ एकट्याच वाचत होत्या. पाऊण तास गेला होता. मी झोपलो असं त्यांना वाटलं असणार. डावपेच यशस्वी.

९ एप्रिल
जिन्यात काहीतरी गडबड आहे. वाचनखोली दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर मला हल्ली थांबावं लागतं. तिथे भिंतीला ओल आली आहे, ती बघायला. आज ओल दोनदा बघितली. पायऱ्या वाढवल्यात की काय म्हणून मोजल्या. छत्तीस. पुन्हा मोजल्या, अडतीस. दुपारी एक्केचाळीस. पायऱ्यांची संख्या रोज बदलते आणि या इमारतीत कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

११ एप्रिल
फळीवर पांढरा डबा आला आहे. मुठीएवढा, पुढे आकडे. मॅनेजर म्हणतो, हवा किती शिळी झाली ते दाखवतो. आपण सोडलेला श्वास खोलीत साचला की आकडा वर जातो, खिडकी उघडली की खाली येतो. आकडा वर म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याच्या पोटात, आणि श्वासाबरोबर जे काही असेल तेही.

मी प्रयोग केला.
बारा वाजता, दोघं मोठ्याने वाचताना, खिडक्या बंद: एकवीसशे.
जेवणाच्या सुट्टीत, बाई घरी गेलेल्या, मीही बाहेर, खिडकी उघडी: पाचशे.
निष्कर्ष उघड आहे. आपण बोललो की आकडा चढतो, गप्प राहिलो की उतरतो. डबा ऐकतो आहे.
यापुढे डब्यासमोर फक्त माहितीपत्रकं वाचायची. स्वतःचं मत सांगायचं नाही.

१२ एप्रिल
खिडक्यांवरून वाद. बाईंनी उघडल्या, मी लावल्या. बाईंनी पुन्हा उघडल्या. खोकल्याच्या औषधाची सात पत्रकं उडून जिन्यात गेली. ती गोळा करायला मी गेलो आणि वळणावरची ओल जरा जास्त वेळ बघितली. वर आलो तर बाईंनी सगळ्या गठ्ठ्यांवर शाईचे रिकामे डबे ठेवले होते. एकही कागद हलत नव्हता. एकोणीस वर्षांत हे मला सुचलं नाही, कारण गरजच नव्हती.

१४ एप्रिल
घरातही कुठेतरी पाणी मुरतंय. हिने गॅसवर दूध ठेवून मला बघायला सांगितलं आणि शेजारी गेली. मी बघत होतो. पेपर वाचत बघत होतो. ही धावत आली ती नाकाला पदर लावून. पातेलं कोळसा. म्हणाली, सगळा जिना वासाने भरलाय, तुम्हाला कसा आला नाही? आता दुधाला वासच नव्हता, तर येणार कुठून? भेसळ. साबणालाही नाही, कॉफीलाही नाही. हल्ली सगळंच हलक्या प्रतीचं येतं. हिने पातेलं मोरीत नेऊन ठेवलं. मग म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवून या. दूध जळालं तर डॉक्टर काय करणार?

१७ एप्रिल
घातपात.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक. मात्रा हवी होती अर्धा चमचा. प्रुफावर पाच चमचे. खाली 'तपासले' आणि माझी सही. मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं असताना कुणीतरी फोन करून थांबवलं. मॅनेजरने मला बोलावून कागद पुढे ठेवला. ओरडला नाही. ते जास्त वाईट.

सही हुबेहूब. हे प्रूफ मी पाहिल्याचं मला आठवत नाही. म्हणजे पाहिलेलंच नाही. म्हणजे सही बनावट. माझ्या सहीची नक्कल करू शकेल इतक्या जवळून ती रोज कोण बघतं? नाव लिहीत नाही. टेबल एकच आहे.

कुणी फोन केला विचारलं, तर मॅनेजरने विषय बदलला. त्याला सामील करून घेतलेलं दिसतं.

२० एप्रिल
योजना तयार. पाळतीने सिद्ध होणार नाही. मूळच उपटायला हवं. मूळ म्हणजे डॉक्टरीणबाई, ज्या असले दाखले वाटतात. मी तिथे जाणार, बाईंची सगळी लक्षणं आपली म्हणून सांगणार, दमल्याचं सोंग आणणार. दाखला मिळाला की मॅनेजरसमोर आपटणार: बघा, ठणठणीत माणसालाही देतात. मग सवलतीचा प्रश्नच मिटला.

आरशासमोर सराव केला. खांदे पाडले, बोलता बोलता शब्द विसरलो, खुर्चीवरून उठताना टेबल धरलं. हिने दारातून पाहिलं. मी विचारलं, कसं काय वाटतं? म्हणाली, "यात नवीन काय? दोन महिने असंच तर चाललंय."
बायकांना अभिनय कळत नाही.

२२ एप्रिल, संध्याकाळ
फत्ते.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात खिडक्या सताड उघड्या, कोपऱ्यात हवा गाळणारं यंत्र घरघरतंय, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मलाही दिला. कमिशन असणार.

सोंगाला सुरुवात केली. जिने चढवत नाहीत, म्हटलं. वास येत नाही. आकडे डोळ्यांसमोरून निसटतात. पहिल्या दिवशी जोर केला की दुसऱ्या दिवशी अंग उठत नाही. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मग दहा मिनिटं नुसतं उभं राहायला सांगितलं, बोटाला चिमटा लावून. नाडी बहात्तरवरून एकशे सोळावर. मी ती मनाने चढवली. मग सहा मिनिटं व्हरांड्यात चालायचं. मी चौथ्या मिनिटाला भिंत धरून खाली बसलो. इतकं हुबेहूब की कंपाउंडर धावत खुर्ची घेऊन आला.

म्हणाल्या, एका तपासणीत 'हे आहे' किंवा 'हे नाही' असं ठरत नाही, पण खोटं वाटत नाही. काहींचा ताप तीन दिवसांत उतरतो आणि बाकीचं महिनोन् महिने मागे राहतं. जोर करून ते जात नाही, उलट वाढतं. दमण्याआधी थांबायचं, दमल्यावर नाही.

मग विचारलं, ताप असताना बंद खोलीत कुणाजवळ बसला होतात का? सांगितलं, एक बाई आहेत, हातभर अंतरावर, चौथ्या दिवशी मी त्यांना दिवसभर मोठ्याने वाचून दाखवलं. आणि त्या आजारी पडल्या का? म्हटलं, हो, पाचव्या दिवशी, पण ते वेगळं.

डॉक्टरीणबाई काहीच बोलल्या नाहीत. दाखला लिहून दिला. गप्प का बसल्या असतील? संशयास्पद.

२३ एप्रिल
अंथरुणात. अभिनयाचा ताण.

२४ एप्रिल
अंथरुणात. हिने उशाशी पाणी ठेवलं.

२५ एप्रिल
पाचव्या दिवशी. पाचव्या दिवशी.
हे का लिहिलं ते आठवत नाही.

२६ एप्रिल
मॅनेजरसमोर दाखला आपटला. खरं म्हणजे ठेवला, आपटण्याइतका जोर हातात नव्हता. म्हटलं, हे बघा, असे वाटतात दाखले. मी धडधाकट आहे. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मला बसायला सांगितलं. मी अगोदरच बसलो होतो.

मग बोलला. पाच चमच्यांची चूक वाचकबाईंनी पकडली. आजारपणातून परत आल्यापासून त्या माझ्या प्रत्येक प्रुफाची प्रत घरी नेतात. पलंगावर पडून तपासतात, दहा मिनिटं वाचायचं, वीस मिनिटं डोळे मिटायचे. आतापर्यंत तेवीस चुका. कुणाला सांगू नका, म्हणाल्या होत्या, सरांची एकोणीस वर्षं झाली आहेत.

मी लगेच मुद्दा पकडला. म्हणजे घरी जाऊन काम करतात! म्हणजे पूर्ण दिवस बसू शकतात! हे माझ्या शेऱ्यात येणार.

मॅनेजर म्हणाला, "काका, ते केलं की दुसऱ्या दिवशी त्यांना उठता येत नाही. त्याच दिवशी तुम्ही वहीत 'गैरहजर' लिहिता."

हजेरीच्या मस्टरबद्दल बोलत होता. या वहीबद्दल नाही. मी दोन्ही तपासल्या. तारखा जुळतात: सतराला चूक पकडली, अठराला 'गैरहजर'.

२८ एप्रिल
बाईंना स्पष्ट विचारलं, माझं प्रूफ घरी का नेता? म्हणाल्या, लहान मुलांचं औषध होतं, सर. म्हटलं, ते एक सोडा, बाकीची का नेता? त्या वेळी त्या शाईचे डबे गठ्ठ्यांवर ठेवत होत्या. म्हणाल्या, तुमची नोकरी गेली तर मला नव्या माणसाबरोबर वाचावं लागेल, तेवढा दम माझ्यात नाही.

मी म्हटलं, माझ्या माहितीनुसार तुम्ही नाटक करता. रागावतील असं वाटलं होतं. हसल्या, मग हसण्याने दम लागला म्हणून बसल्या.

"नाटकच करायचं असतं तर तुमच्याइतकं वाईट केलं नसतं."

मग मी ते विचारलं. फेब्रुवारीत, चौथ्या दिवशी, मी आलो तेव्हा... बाईंनी होकारार्थी मान हलवली. बस्स. त्यांना केव्हापासून माहीत आहे, ते विचारलं नाही.

३० एप्रिल
शेरा लिहायला बसलो. एक शब्द हवा होता, जो महिनाभर रोज वापरतोय. येईना. दहा मिनिटं पेन धरून बसलो. समोरून बाई म्हणाल्या, सवलत. मी मान वर न करता लिहिला.

शेरा: वाचकबाईंची सवलत कायम ठेवावी. जागेवर दुसरं माणूस घेऊ नये. वाचनाच्या वेळी खिडक्या उघड्या, दोघांच्या तोंडाला मास्क. वाचन दोघांनी मिळूनच होत असल्याने दुसऱ्या कर्मचाऱ्यालाही अर्धाच दिवस ठेवणं सोयीचं पडेल. कारण: कामाची सोय. तब्येत नव्हे.

बाईंनी तपासून दिला. तीन चुका निघाल्या.

एक वाजता घरी आलो. झोपलो. चारला उठून हे लिहितोय. दाखला घेतला आहे म्हटल्यावर आता हे सोंग पुढे चालवावंच लागणार, इलाज नाही. पण एक सांगतो, सोंग आणणं हे फार म्हणजे फारच दमवणारं काम आहे.