व्याह्यांना झोपवणाऱ्या पुरणपोळीची तपासणी

मु. मेडशी
चैत्र, १९७६

चि. भिवाजीस उकंडकाकाचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे, मुंबईचं पाणी मानवलं का, ज्वारीची भाकर मिळते का ते कळव. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त शुद्धीवर जरा कमी आहेत.

तू दिवाळीत सांगितलं होतंस की तुझ्या प्रयोगशाळेतलं ते मास स्पेक्ट्रोमीटर पदार्थाचा भुगा करून एकेका कणाचं वजन घेतं आणि अन्नात निसर्गानंच घातलेलं विष हुडकून काढतं. (तेव्हा मी हसलो होतो. आता हसवत नाही, परवा हसून हसून बरगड्या धरल्या आहेत.) सोबत पुरणपोळी पाठवतो आहे, तिला त्या यंत्रात घाल.

झालं असं, रविवारी आपल्या पंचफुलेला पाहायला मानोऱ्याचे जानराव मुलाला आणि पाहुण्यांना घेऊन आले. मुलगा गुणाचा, पण बापाला रेडिओ हवा, सायकल हवी, वर अंगठी. बोलणी जेवणानंतर करायची ठरली. आता पुरण शिजवलं तुझ्या काकूनं, पण मदतीला अर्धी गल्ली, आणि जी बाई यायची ती चाखून "जायफळ कमी हाय व माय" म्हणत आपल्या हातानं किसायची. (दुसरीच्या पुरणाला बरं म्हणणारी बाई आपल्या वऱ्हाडात अजून जन्मायची आहे.)

दुपार कलली तशी जानरावांची जीभ कोरडी पडली. घागरभर पाणी प्याले आणि आमच्या म्हशीकडे बघून जे हसायला लागले ते थांबेनात. पोळ्या मीही चापल्या होत्या, मलाही ती म्हैस फारच विनोदी वाटली. शेवटी त्यांनी मला मिठी मारली. "उकंडराव, मले काईच नाई पायजे, निस्ती पोरगी द्या!" म्हणाले आणि बिछायतीवर आडवे झाले ते आडवेच. पाहुणेही घोरत पडले, एसटी निघून गेली. एकटा नवरा मुलगा टक्क जागा. तरणं रक्त, दुसरं काय! त्याची सरबराई बिचाऱ्या पंचफुलेनं एकटीनं केली.

सकाळी जानराव उठले ते भडकूनच. "तुमी मले भांग चारली! कालचं बोलनं मी मानत नाई. भांग नव्हती हे दाखवून द्या, नाई तं सोयरीक मोडली!" तेव्हापासून पोरगी अन्नाला शिवलेली नाही, भिवा. माझा जीव तुटतो रे. भांग नाही, धोतरा नाही, फक्त जायफळ आहे, असा शिक्क्याचा कागद तातडीनं पाठव.

तुझा उकंडकाका

ता. क. पोळी पोचली नाही तर वाटेत कोणता टपालवाला झोपला आहे ते बघ.

आणखी ता. क. खरं काम हे आहे: किती जायफळाला व्याही दिवसभर गोड राहतो पण झोपत नाही, तेवढं यंत्राला विचार. लग्नात लागेल.

शेवटचा ता. क. (हा माझा, पंचफुलेचा. पार्सल टाकायला मलाच धाडलं आहे.) दादा, बायांनी चिमूट चिमूटच किसलं होतं. बाकीची आख्खी जायफळं माझी. 'त्यांच्या' ताटातली पोळी वेगळी होती. यंत्रानं सांगितलंच तर बाबांना कळू देऊ नको. आणि शिक्का लवकर मार, मला फार भूक लागली आहे.