पेन्सिलीतली शिफारस

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, १४ मार्च १९९५

तीर्थरूप भटूनाना यांच्या पायाशी धाकटा मेहुणा लीलाधर याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा तूर्त सात अंगांवर भागवून घ्यावे.) अक्काची कंबर आता कशी आहे? धुणं वाळत घालताना ती आखडते आणि वाळलेलं गोळा करताना सुटते असं तुम्ही लिहिलं होतं. त्यावर माझा सल्ला असा की धुणं तुम्ही वाळत घालावं. शेजारच्या कमलबाईंचं तेल चोळू नये, त्या तेलाने मागे त्यांच्याच जावयाच्या पाठीला फोड आले होते. इकडे आम्ही खुशाल आहोत. सुनंदा खुशाल आहे आणि तुमचा गिरधर तर फारच खुशाल आहे, तो माझ्या वाटणीचं भरीतसुद्धा खातो. तुम्ही पाठवलेल्या भुईमुगाच्या शेंगा पोचल्या. पिशवीच्या तळाशी ठेवलेली चिठ्ठीही पोचली, पण शेंगा संपल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी. "गिरधरचे नाव तेवढे घालावे, बाकी आपण सुज्ञ आहात." नाना, मी सुज्ञ असतो तर आधी पिशवी उलटी करून पाहिली असती.

तुम्हाला ठाऊकच आहे, पण अक्काला हे पत्र वाचून दाखवाल म्हणून सांगतो. तुमच्या धुळ्यातल्या कारखानदारांच्या संस्थेने यंदापासून संगणकावर ड्रॉइंग करणाऱ्या उत्कृष्ट शिकाऊ उमेदवाराचा सत्कार करायचं ठरवलं आहे. एका कारखान्यातून एकच नाव पाठवायचं. निवड झाली की साचे घडवणाऱ्या नाशिकच्या टूलरूममध्ये वर्षभर शिकायला मिळणार. आमच्या कारखान्यात (पाइपाच्या जोडण्यांचे साचे करण्यापलीकडे तिथे काही होत नाही, पण मालक रतिलालशेठ त्याला उद्योगसमूह म्हणतात) असे उमेदवार दोनच. एक तुमचा गिरधर आणि दुसरी रुख्मा, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या करमसिंगची मुलगी. शिफारस लिहायची मी, कारण तीस वर्षं मुख्य आरेखक मीच आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन, तेव्हा त्या खुर्चीवर कोण बसेल ते सांगता येत नाही, बहुतेक तो संगणकच बसेल.

त्या संगणकाशी माझं पहिल्यापासून बिनसलं. त्याच्यासाठी थंड हवेची खोली केली, दारात चपला काढायला लावल्या, आणि मला तीस वर्षांत एक पंखा मिळाला होता तोही आवाज करणारा. गेल्या दसऱ्याला आपल्या रिवाजाप्रमाणे सगळ्या अवजारांची पूजा केली. लेथला फूल वाहिलं, मापं घ्यायच्या व्हर्निअरला गंध लावलं, माझ्या ड्रॉइंग पेनांना हळदकुंकू वाहिलं. संगणकाची पाळी आली तेव्हा मी विचार केला की टीव्हीसारख्या काचेला कुंकू लावून काय उपयोग, याचं खरं काम तर त्या चौकोनी फ्लॉपीत असतं. म्हणून फ्लॉपी तबकात ठेवली, तिचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीला श्रद्धेने कुंकवाचं बोट लावलं. वर दोन अक्षता ठेवल्या. (एक आत गेली ती अजून आतच आहे.) दोन महिन्यांची सगळी ड्रॉइंगं त्या फ्लॉपीत होती. दुसऱ्या दिवशी यंत्राने तिला ओळखच दाखवली नाही. रतिलालशेठ खोलीच्या दारात उभे राहिले आणि मी त्यांना सांगितलं की यंत्रात जन्मतःच दोष आहे. तेव्हा रुख्माने आपल्या डब्याच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दुसरी फ्लॉपी काढली. रोज संध्याकाळी ती एक प्रत जास्तीची करून ठेवायची. कुंकू लावताना तिने मला पाहिलं होतं, पण त्याबद्दल तिने तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, नंतरही नाही.

आता गिरधरबद्दल. नाना, पोरगा गुणी आहे, हे मी मामा म्हणून म्हणत नाही. लहानपणी तुम्ही त्याच्याकडून पाटीवर अक्षर गिरवून घेतलंत त्याचं फळ असं की ट्रेसिंग कागदावर त्याने लिहिलेला आकडा छापल्यासारखा दिसतो. मी त्याच्या वयाचा असताना माझं अक्षर असं नव्हतं. पण संगणकाला अक्षराची गरज नाही, तो सगळ्यांचं अक्षर सारखंच काढतो, आणि तिथे बिचाऱ्याची मोठी गैरसोय झाली आहे. त्या यंत्रात पत्त्यांचा एक खेळ आहे. तो गिरधरला इतका छान जमतो की रतिलालशेठही त्याच्यामागे उभे राहून काळ्या दश्शीवर लाल नव्वी कुठे लावायची ते शिकतात. कामही करतो, सांगितलेलं सगळं करतो. फक्त सांगितलेलंच करतो. मीही तीस वर्षं तेच केलं, म्हणून मला त्याच्यात काही कमी दिसतच नव्हतं.

मग फेब्रुवारी आला. तुषार सिंचनाच्या पाइपाच्या तोंडाला एक टोपी लागते. तिचं ड्रॉइंग मी चौऱ्याऐंशी साली केलं. ते अजून आमच्या कचेरीच्या भिंतीवर काचेत लावलेलं आहे (रतिलालशेठ पाहुण्यांना आधी ते दाखवतात, मग चहा देतात). टोपीचा नवा साचा यंदा नाशिकला, संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर करून घ्यायचा होता, म्हणून रुख्माला ते संगणकावर उतरवायला दिलं. तिने ते उतरवलं आणि त्यावर थांबायचं सोडून, कुणी सांगितलं नसताना, शेजारी पाइपही काढला आणि टोपी पाइपावर चढवून पाहिली. चढेना. वरून पाहिलेल्या चित्रात मी आतला व्यास त्रेसष्ट लिहिला होता आणि उभ्या छेदात एकसष्ट. मग ती गोदामात गेली, एक खरी टोपी आणून मोजली. ती बरोबर त्रेसष्टाची निघाली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, खोलीत तिसरं कुणी नसताना, ती माझ्या टेबलाशी आली. चूक हा शब्द तिने काढला नाही. एवढंच म्हणाली, "सर, हे दोन्ही आकडे तुमचेच आहेत. कुठला ठेवू?"

नाना, मला राग आला. कागदावर आहे तसं उतरव, शहाणपणा नको, असं मी तिला बोललो आणि चहाला निघून गेलो. चहा अर्धाच सोडला. मग मी लेथवरच्या झिपरू मिस्त्रीकडे गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की टोपीचा साचा तू कुठल्या मापाने कापतोस. झिपरूने मशीन बंद केलं, हात पुसले आणि खाली बघून म्हणाला, "साहेब, अकरा वरीसपाईन मी दोन मिलिमीटर जास्ती काढस. तुमले वाईट वाटी म्हनीसन बोलनू नही." अकरा वर्षं, नाना. भिंतीवर माझं ड्रॉइंग काचेत मिरवत होतं आणि हा माणूस रोज त्याच्याखालून जात माझी अब्रू लेथवर दोन दोन मिलिमीटरने सावरत होता. जवळ झिपरू आहे तोवर कागदाची चूक चालून जाते. नाशिकला झिपरू नाही. तिथे साचा संगणकातल्या ड्रॉइंगप्रमाणे झाला असता, हजारो टोप्या पडल्या असत्या आणि एकही पाइपावर बसली नसती. मला फार लाज वाटली. परत गेलो आणि तिला म्हटलं, त्रेसष्ट ठेव. तिने ठेवला. खाली कोपऱ्यात 'तपासणारा' असा रकाना असतो, तिथे तिने माझंच नाव घातलं होतं.

आता संस्थेचा अर्ज. त्यात सातव्या रकान्यात विचारलं आहे: उमेदवाराने केलेलं विशेष काम सविस्तर लिहा. इथे माझी पंचाईत झाली. गिरधरचं नाव घातलं तर सुबक अक्षर, नम्र स्वभाव, नियमित हजेरी असं लिहून भागतं. मालक खूश, तुम्ही खूश, अक्काची कंबरही कदाचित बरी होईल. रुख्माचं नाव घालायचं तर त्या टोपीबद्दल लिहावं लागतं, म्हणजे माझी चूक माझ्या हातांनी, माझ्या सहीखाली. तिची मुदत जुलैत संपते. रतिलालशेठ पुढे ठेवतील तर एकालाच, आणि पत्ते त्यांना गिरधर शिकवतो. मग ती गावी परत जाणार, आणि तिथे अजून विजेचा खांबही नीट उभा राहिलेला नाही. संगणकाच्या बाईने तिथे काय करायचं? मोहाची फुलं वेचायची? ती तर रुख्मा नसतानाही वेचली जातातच.

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. आधी पेन्सिल, मग शाई. सातवा रकाना मी पेन्सिलीने खरा खरा भरला, आकडे आणि सालासकट, आणि तीन आठवडे तसाच ठेवला. रोज काढायचा, खोडरबर जवळ घ्यायचं, परत ठेवायचं. सुनंदा म्हणाली, एवढ्या वेळात पोरगी दुसरी चूक शोधेल. अखेर काल रात्री तो मजकूर शाईत गेला. खाली सही मी केली.

तुमच्या मुलाचं नाव गेलं नाही, याबद्दल रागवायचं असेल तर माझ्यावर रागवावं. पोराला काही बोलू नये. अक्काला नमस्कार, घरातल्या लहानांना पापा.

तुमचा,
लीलाधर

ता.क. पत्र घेऊन झिपरू मिस्त्री येत आहे. त्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आवडते. ड्रॉइंगबद्दल त्याला काही विचारू नये, तो लाजतो.

ता.क. दुसरं. पत्राबरोबर जे मोठं पाकीट आहे त्यात तो अर्ज आहे. शनिवारी दुपारच्या आत संस्थेच्या कचेरीत तो हाती द्यावा लागतो आणि जळगावहून यायला मला सुट्टी नाही. तुम्ही गिरधरसाठी त्या कचेरीत तीनदा जाऊन आलात, तुम्हाला रस्ता माहीत आहे. चौथ्यांदा जावं, ही विनंती करण्यासाठीच एवढं पत्र लिहिलं. पाकीट चिकटवलेलं नाही. ते वाटेत हरवलं तर तुमच्या मुलाला पुढच्या वेळी संधी राहील आणि माझी चूक झिपरूपाशीच राहील. त्यात आपल्या दोघांचाही फायदा आहे आणि कुणाला कळणारही नाही. म्हणून मुद्दाम तुमच्याकडेच पाठवतो आहे, पोस्टावर माझा तितका विश्वास नाही.

ता.क. तिसरं. अर्ज उघडाल तेव्हा सातव्या रकान्यातलं अक्षर तुम्हाला ओळखू येईल, म्हणून आधीच सांगतो. माझा हात शाईला धजत नव्हता. काल जेवणं झाल्यावर गिरधरने माझ्यासमोरून कागद ओढून घेतला, सगळं वाचलं आणि म्हणाला, "मामा, तुमचं अक्षर आता थरथरतं. द्या, मी गिरवतो." दोन तास बसून त्याने एकेक अक्षर गिरवलं. 'रुख्मा करमसिंग' हे नाव तर त्याने तुम्ही पाटीवर शिकवलंत तसं, वळण घेत घेत काढलं आहे.