फिरकी दादाकडे, सिद्धांत माझ्याकडे

११ जानेवारी २०२६, रविवार
कालची नोंद दुरुस्त करते. 'दोन रेषा समांतर नसतील तर एका बिंदूत छेदतात' असं लिहिलं होतं. चूक. दोन्ही एकाच प्रतलात असतील तरच. काल गच्चीवरून माझा दोरा समोरच्या बिल्डिंगमधल्या सोनीच्या मांज्यावर आडवा पडलेला स्पष्ट दिसला. खेचला, तर मध्ये नुसती हवा. तिचा पतंग बराच मागे होता. म्हणजे मी हरले नाही, पेच लागलाच नव्हता.
प्रसाददादाची अट लिहून ठेवते: उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दोन दिवसांत सोनीचा एक तरी पतंग कापला, तर पुढे पतंग माझा आणि फिरकी त्याची. नाहीतर आजवर धरली तशी जन्मभर फिरकी मीच धरायची. सोनी आठवीत आहे. कठीण नाही.

१२ जानेवारी
भूमिती माझी पक्की. चौथीपर्यंत शाळा घरातच. प्रतल बाबांनी पापडावर शिकवलं. हा सगळीकडे अनंत पसरलाय असं समज, म्हणाले. आई म्हणाली, आधी मला तळू द्या.
साधा पांढरा दोरा आणला. काचेच्या मांज्याने पक्षी कापले जातात, मनाला पटत नाही. दादा म्हणाला, याने पेच लढवणार की उशांचे अभ्रे शिवणार? मी सांगितलं, रेषेला जाडी नसते, मग काच लावणार कुठे? तो उठून स्वतःचा मांजा गुंडाळायला लागला. पटलं असावं.

१३ जानेवारी
सराव नाही. मसाटला माझ्या कंपनीत ऑडिट, यायला उशीर. सिद्धांताला सराव लागतही नाही. गच्चीवर खडूने आकृती काढली. शेजारच्या शैलजाकाकूंनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं.

१४ जानेवारी, दुपार
सिद्ध झालं. दोन पावलं डावीकडे सरकले, ढील दिली, दोन्ही दोरे एका प्रतलात आले आणि एका, फक्त एका बिंदूत छेदले. हातालाच कळलं.
पुढचं पुस्तकात नाही. माझ्या रेषेचा रेषाखंड झाला. सोनी पलीकडून म्हणाली, दीदी, बीजो चगावो. दुसरा चढवला. मग तिसरा. बिंदू दर वेळी एकच. शेवटी दादा फिरकी गुंडाळत म्हणाला, मॅडम, सिद्धता पुरे, पतंग संपले.

१५ जानेवारी, वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस
दिवसभर फिरकी माझ्याकडे. हरले म्हणून नव्हे, मागे उभं राहून निरीक्षण नीट होतं. दादाने सोनीचे चार कापले. भूमितीशिवाय कापल्यामुळे ते धरता येत नाहीत.
संध्याकाळी त्याच्या मांज्यावरून बोट फिरवून पाहिलं. जाडी आहे.
अट पुन्हा वाचली. उत्तरायणाचे दोन दिवस म्हटलंय, वर्ष कुठेही नाही. दादाला अजून सांगितलेलं नाही. पुढचा पेच: गुरुवार, १४ जानेवारी २०२७.