सदतीस नंबरचा केसपेपर

गुरुवार, सकाळ

प्रिय इंद्रायणी,

अभिनंदन करायला हवं, म्हणून करते. तालुक्याच्या कार्यक्रमात तुला शाल मिळाली, फोटो पाहिला आणि नुसता जळफळाट झाला माझा. एकाच बाकावर बसून डॉक्टर झालो आपण. मी मंचरला हायवेलगत दवाखाना थाटला, तू जुन्नरकडच्या खेड्यात सरकारी आरोग्य केंद्रात गेलीस. ही वर्षभरात परत येते बघा, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. अठरा वर्षं झाली. तू काही आली नाहीस, माझे पेशंट मात्र तुझ्याकडे गेले!

पहिले गेले अवसरीचे भिमाजीबाबा. बीपी उतरलं की ते गोळी बंद करायचे आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. तुझ्याकडे म्हणे दोन-दोन पेशंटची जोडी लावतात. रोज सकाळी एकमेकांना विचारायचं, गोळी घेतली का, आणि गुरुवारी रिकामी पाकिटं दाखवायला आणायची. ही काय डॉक्टरकी झाली, म्हणून मी हसले होते. मग बाबा बाजारात भेटले. म्हणाले, तुमी बी चांगल्याच व्हता ताई, पण लई रागवायच्या.

पुढे तर कहरच. माझ्या सासूबाई, माझ्याच घरात राहणाऱ्या, एसटीने तुझ्याकडे निघाल्या. सून डॉक्टर, आणि साखरेची गोळी दुसरीकडून! त्यांची साखर आटोक्यात यायला मला नको होती का? पण ती माझ्या हातून यायला हवी होती गं. आता रोज सातला त्यांच्या जोडीदारणीचा, शकुबाईंचा, फोन येतो. गोळीचं एक वाक्य, मग अर्धा तास हसणं-खिदळणं. मी चहा ढवळत ऐकत बसते. मला कोण करतं फोन?

सोमवारी पेशंट तपासताना मला चक्कर आली. घरी सासूबाईंनीच माझ्या दंडाला पट्टा बांधला. मशीन लावायला तूच शिकवलंस ना त्यांना. एकशे नव्वद-एकशे दहा. मला दोन वर्षांपासून बीपी आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मार्चमध्ये रीडिंग नॉर्मल आलं म्हणून मी गोळी बंद केली होती. मी! भिमाजीबाबांवर ओरडणारी मी! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सांगायचं न्हाई व्हय गं?" मला रडू आवरेना.

त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू केली, पण आता माझा माझ्यावर भरवसा नाही. हे पत्र सासूबाईंच्या हाती आत पाठवतेय. तोंडाने मला हे बोलवलं नसतं. मी बाहेर बाकावर बसलेय, तुझ्याच रांगेत, सदतीस नंबरचा केसपेपर घेऊन. पर्समध्ये मार्चचं पाकीट आहे, दहातल्या आठ गोळ्या तशाच. ते बघून हवं तेवढं रागाव. फक्त माझी जोडी दुसऱ्या कुणाशी लावू नकोस. सकाळी सातला तूच फोन करत जा.

तुझीच, अजूनही जळणारी,
तेजस्विनी